नलूचा कान

नलू कीर्तने बेसूर होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा समज व्हायचा की बाई मोठी गाणारी असणार. छे. ती आरतीला तोंड उघडायची आणि शेजारच्या दोघी आपला सूर सोडून तिच्यामागे वाहवत जायच्या, इतकी खात्रीने बेसूर.

न्यूझीलंडमध्ये, लोअर हट या गावी, आमचं भजनी मंडळ होतं. लेकाकडे, लेकीकडे येऊन राहिलेल्या आम्ही दहा-बारा जणी, महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचो. मुलं वेलिंग्टनला ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत. मोठ्याने मराठी बोलायची आमची ती एकच जागा. पेटी माझी. मी कुणाकडे शिकले नाही. लहानपणी शेजारच्या घरी मास्तर यायचे, त्यांची शिकवणी भिंतीला कान लावून ऐकली आणि घरी येऊन बोटं बसवली. "कुमुदला कान आहे," हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, पण कान आहे. एखादीकडे एवढी एकच वस्तू असली की ती तिला फार जपते, बरं का.

दोन हजार तीनच्या थंडीत नलू आली. पासष्टीची, बुटकी, नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली, वर लेकीचा मोठा कार्डिगन आणि पायात मोज्यांवर जावयाची जँडल्स. जँडल्स म्हणजे आपल्या अंगठ्याच्या स्लिपर. मोजा अंगठ्याशी दाबून खोबणीत बसवायचा आणि फटक् फटक् चालायचं. "अगं, बूट घे की," म्हटलं तर म्हणायची, "बुटात पाय बहिरे होतात."

मी तिच्या हाती टाळ दिले आणि मागे बसवलं. भजन संपल्यावर ती माझ्यापाशी आली.

"कुमुद, तुझ्या पेटीत दोन माश्या शिरल्यात."

"माश्या?"

"ही मधली पांढरी पट्टी. दाब. बघ, दोघी गुणगुणतात. एक पुढे, एक मागे. बाकीच्या पट्ट्यांत एकेकच आहे."

मी हसून सोडून दिलं. घरी येऊन दार लावलं, तीच पट्टी दाबली, आणि कान भात्यापाशी नेला. एका पट्टीखाली दोन स्वर असतात पेटीत. त्यातला एक केसभर उतरला होता. पेटी माझी, तीस वर्षं माझी, आणि मला कळलं नव्हतं. त्या दिवशी जे पोटात दुखायला लागलं ते पुढे दीड वर्ष दुखत राहिलं.

नलू टेलिफोन खात्यात होती. ट्रंक एक्स्चेंजवर, कोल्हापूरला, तीस वर्षं ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर खुंट्यांचा बोर्ड. ती सांगायची, "लोक हॅलो म्हणायच्या आधी मला कळायचं कोण आहे ते. सूतगिरणीचे शेठ असले की आधी खुर्ची करकरायची. वकीलसाहेब घसा खाकरायचे. आणि ज्याच्या घरी कुणी गेलेलं असायचं ना, तो माणूस नंबर सांगायच्या आधी दोनदा श्वास घ्यायचा. मी त्याला रांगेतून पुढे काढायची. बोलणं सगळ्यांचं सारखंच गं. माणूस असतो तो त्याच्या आधी."

मला खोटं वाटायचं. खोटं ठरावं असं वाटायचं, हे जास्त खरं. एकदा दुपारी तिला फोन लावला आणि काही बोललेच नाही. पदर रिसीव्हरवर धरून बसले.

पलीकडून नलू म्हणाली, "कुमुद, बोल की. भात लागेल माझा."

दुसऱ्या आठवड्यात सुनेच्या मोबाइलवरून केला.

"कुमुद, तुला दुसरी कामं नाहीत का?"

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ब्रायनचं गराज.

ब्रायनचं घर नलूच्याच रस्त्यावर. सत्तरी ओलांडलेला, रिटायर्ड पोस्टमन, बायको गेलेली. गराजमध्ये गाडीऐवजी रेकॉर्डी. जुन्या, जाड, लाखेच्या. हातातून सुटली तर बांगडीसारखी फुटायची. सगळ्या अमेरिकेतल्या डोंगरी मुलखातल्या, चाळीसच्या दशकातल्या. ब्लूग्रास म्हणतात त्या संगीताला. बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे त्यांचं व्हायोलिन, गिटार आणि माणसाएवढा उभा बेस. सगळे मिळून एका मायक्रोफोनसमोर उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे यायचा, वाजवायचा, मागे सरायचा. आपल्याकडे भजनात एकेक जण पुढे होऊन अभंग उचलतो ना, तसंच.

नलू डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध घेऊन परत निघालेली. गराज उघडं. ती दारात उभी राहिली ती दुधाची पिशवी गरम होईपर्यंत. ब्रायनने खुर्ची दिली. नलूचं इंग्रजी म्हणजे "ओके ओके, व्हेरी गुड, नो मिल्क." त्यावर तिने त्याला सांगितलं की रेकॉर्डवर पाच माणसं आहेत, त्यातला एक जाडा आहे, कारण तो पुढे आला की फळी वाजते. पाच बोटं दाखवली, पोट दाखवलं, पाय आपटला. ब्रायनने ती रेकॉर्ड चाळीस वर्षं ऐकलेली. त्याने परत लावली. म्हणाला, "वेल, आय नेव्हर," म्हणजे कमालच झाली.

त्या दिवसापासून दर बुधवारी दुपारी नलूची खुर्ची ठरलेली.

ब्रायनचा एक ध्यास होता. त्या रेकॉर्डींवर नाव असायचं फक्त म्होरक्याचं. बाकी चौघांचं कुठेच नाही. कंपनीच्या कागदांतही कधी असायचं, कधी नसायचं. तर ब्रायनने एक लांबडी वही केली होती: रेकॉर्ड, बाजू, फिडल कोण, बँजो कोण, बेस कोण, आणि शेवटच्या रकान्यात, हे कुणी ओळखलं त्याचं नाव. पुस्तकातून कळलं तर पुस्तकाचं, मित्राने सांगितलं तर मित्राचं. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. "वाजवलं त्याचं नाव राहिलं पाहिजे," तो म्हणायचा, "आणि ऐकलं त्याचंही."

नलूने हे सगळं सांगितल्यावर मीही गेले. न जाऊन कशी राहणार? नवी साडी नेसून, केसाला तेल लावून गेले. पहिलीच रेकॉर्ड लागली आणि मी म्हटलं, "ही काळी एक पट्टी आहे." इंग्रजीत समजावून सांगितलं, माझं इंग्रजी पेपर वाचून वाचून बरं झालेलं. ब्रायन म्हणाला, "गुड ऑन यू," म्हणजे शाब्बास. आणि लगेच नलूकडे वळून तिला विचारलं, "नॅलीनी, व्हॉट डू यू रेकन?"

नलू डोळे मिटून बसलेली. म्हणाली, "मँडोलिनवाला रागावलाय आज कुणावर तरी." मी भाषांतर करायचं. ब्रायन वहीत वेड्यावाकड्या अक्षरात टिपायचा. माझी काळी एक कुणी लिहिली नाही.

आणि सुई. ब्रायनच्या हाताला कंप होता. पत्रं वाटून वाटून आला असेल, नाहीतर वयाने. सुई ठेवताना रेकॉर्डवर ओरखडा जायचा, म्हणून तो मान त्याने नलूला दिला होता. मला नाही. नलू पदर खोचायची, हात कार्डिगनला पुसायची, आणि रेकॉर्डच्या अगदी काठावर, जिथे अजून काही नाही, तिथे सुई सोडायची. आवाज नाही व्हायचा. मी घरी सुनेच्या सीडी प्लेअरसमोर बसून तसा हात करून बघितलाय. कुणाला सांगू नका.

एका बुधवारी एक रेकॉर्ड लागली, फिडलने सुरू होणारी. आधी मोहरी तडतडावी तशी खरखर, मग एकदम फिडल. पुस्तकं म्हणायची की हा त्या बँडचा नेहमीचा फिडलवाला. नलूने ती तीनदा लावायला लावली, म्हणजे स्वतःच लावली, आणि म्हणाली, "हा तो नव्हे. हा गिटारवाला आहे."

"अगं, फिडल वाजतंय ते."

"वाजू दे. सुरुवात करायच्या आधी नाकातून श्वास ओढतो बघ. अर्धवट, एका बाजूने. मागच्या बुधवारच्या रेकॉर्डीत गिटार सुरू करणारा असाच ओढतो. तोच माणूस. त्याला सर्दी नाही, नाकच तसं आहे."

मला खरखर ऐकू आली. श्वास काही ऐकू आला नाही. मी मान डोलावली.

ब्रायनला पटलं नव्हतं, पण त्याला झोपही येईना. त्या बँडचा बेसवाला म्हातारा अजून हयात होता, टेनेसीत कुठेतरी. एका पत्रमित्राकडून ब्रायनने पत्ता मिळवला. पण लिहिणार कोण? ब्रायनचा हात हा असा. नलूला इंग्रजी येईना. माझं अक्षर सुंदर.

नलू माझ्या स्वयंपाकघरात बसली. शेंगा सोलत मजकूर सांगत होती. "लिही, की मी नलिनी कीर्तने, टेलिफोनमध्ये होते. गाणं मला येत नाही. पण मला असं वाटतं की फिडल तुमच्या गिटारवाल्याने वाजवलंय. त्याचं नाव काय होतं? आणि त्याच्या नाकाला काय झालं होतं?"

ती गेल्यावर मी पत्र पक्कं केलं. पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं, की मी भारतातली हार्मोनियमवादक आहे, आणि माझ्या असं लक्षात आलं आहे. माझ्या. ब्रायनचा नमस्कार कळवला. खाली सही केली, कुमुद साने, आणि माझाच पत्ता. नलूचं नाव कुठेही घातलं नाही. विसरले नाही मी. घालायच्या जागेशी थांबले, आणि पुढे गेले. पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टाकून आले.

दर बुधवारी नलू विचारायची, "आलं का गं?"

"कुठलं. अमेरिका काय जवळ आहे?"

ते सात आठवड्यांनी आलं. दोन पानं, थरथरत्या अक्षरातली. म्हाताऱ्याने लिहिलं होतं: प्रिय मिसेस साने, त्या दिवशी आमच्या फिडलवाल्याची गाडी वाटेत बंद पडली. तो आलाच नाही. गिटारवाल्या विल्मरने फिडल उचललं आणि एक बाजू वाजवून दिली. कंपनीने लिहून घेतलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. लहानपणी खेचराची लाथ बसून त्याचं नाक मोडलं होतं. विल्मर जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्या बायकोला मी तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं, नाकाचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. बाईसाहेब, मी जन्मभर वाजवणाऱ्यांत राहिलो, पण तुमच्यासारखे कान मी पाहिले नाहीत.

सांगते, मी ते पत्र त्या दिवशी सहा वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा फार बरं वाटलं. मग पेटीच्या खोक्यात, गवसणीखाली ठेवून दिलं. बुधवारी नलूने विचारलं तेव्हा म्हटलं, "नाही गं." पुढच्या बुधवारीही म्हटलं. महिना गेला. भजनाला पेटी काढली की गवसणीखालून कागद करकरायचा, आणि मी मागे टाळ घेऊन बसलेल्या नलूकडे बघायची. तिला ऐकू जात असेल का, एवढंच मनात.

मग तिची लेक अंजू, तिला पर्थला नोकरी लागली. घर पंधरा दिवसांत आवरायचं. मी पोळ्या करून घेऊन गेले. नलू खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसलेली, वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळत होती.

"ते उत्तर काही आलं नाही शेवटपर्यंत," ती म्हणाली. तक्रार नव्हती. "म्हातारा गेला असेल. ब्रायनच्या वहीत ते प्रश्नचिन्ह तसंच राहणार. मला त्याचं वाईट वाटतं. एवढं वाजवून बिचारा बिननावाचा."

मी पिशवीतून पत्र काढलं. मुद्दाम आणलं होतं की कसं, मला अजून सांगता येत नाही. "आज सकाळीच आलं," म्हटलं. आणि मराठी करत वाचायला लागले. फक्त 'मिसेस साने' होतं तिथे म्हटलं, "प्रिय नलिनीबाई." शेवटी पुन्हा म्हटलं, "नलिनीबाई, तुमच्यासारखे कान मी पाहिले नाहीत."

नलूने हातातली वाटी खाली ठेवली. विल्मरचं नाव ऐकताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"कुमुद," ती म्हणाली, "बाकी सगळं तू सरळ वाचतेस. माझ्या नावाच्या आधी श्वास घेतेस. चारही वेळा घेतलास."

बाहेर अंजू टेप फाडून खोकी बंद करत होती, त्याचाच आवाज.

"त्याने नाही लिहिलंय ते."

"नाही," मी म्हटलं.

"तू माझं नाव घातलंच नव्हतंस."

"नाही."

नलूने पुन्हा वाटी उचलली, कागदात गुंडाळली, खोक्यात नीट बसवली. मग विचारलं, "विल्मर तरी खरा आहे ना?"

"तो खरा आहे. गाडी, खेचर, बायको, सगळं खरं आहे."

"मग झालं. बुधवारी वहीत लिहू." आणि थोड्या वेळाने, "पोळ्या ठेव तिथे. आणि हे बघ, पत्र आज आलेलं नाही. घडी चांगली मुरलीय त्याची. उघडताना वाजली नाही."

ती ओरडली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तीही सोय तिने ठेवली नाही. आणि खरं सांगते, घरी जाताना मला शरम वाटत होती ती वाटत होती, पण तिच्याखाली तेच जुनं दुखत होतं: घडीचासुद्धा आवाज कळतो हिला. मला का नाही?

शेवटच्या बुधवारी आम्ही दोघी गेलो. ब्रायनने पत्र स्वतः वाचलं. वरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. पोस्टमनच तो, पत्र कुणाच्या नावाचं आणि कुणाचं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. वही माझ्यापुढे सरकवली, कारण लिहायला हात माझाच. मी प्रश्नचिन्ह खोडलं. फिडल: विल्मर. शेवटच्या रकान्यात लिहिलं, नलिनी कीर्तने. अख्खं लिहिलं, सुंदर अक्षरात, आणि ब्रायनला म्हटलं, "शी हर्ड. आय ओन्ली रोट द लेटर. अँड आय रोट इट राँग."

"स्वीट ऍज," म्हणजे झालं तर मग, असं ब्रायन म्हणाला आणि चहाला पाणी ठेवायला गेला.

नलू रेकॉर्ड पुसत होती. तिला हे सगळं ऐकू गेलं असणारच, तिला काय ऐकू जायचं नाही? पण वळली नाही. रेकॉर्ड ठेवली आणि म्हणाली, "ये. आज तू ठेव सुई."

दीड वर्ष मी ज्याच्यावर डोळा ठेवला तो मान असा मिळाला. मी हात पदराला पुसला. सुई सोडली, आणि एकदम फिडल सुरू.

"पुढे ठेवलीस," नलू म्हणाली. "माणूस राहिला मागे."

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात खडबडीत, गरम होता. सुई उचलून काठावर आणली, अगदी काठावर, जिथे काही नाही असं मला वाटायचं. सोडली. खरखर झाली. आणि त्या खरखरीत, फिडलच्या आधी, कुणीतरी नाकातून अर्धवट श्वास ओढला. जाऊन वीस वर्षं झालेला माणूस. मला ऐकू आला. तिने सांगितला होता म्हणून आला, हेही मला तिथल्या तिथे कळलं.

चहा झाला. ब्रायनने नलूला ती रेकॉर्ड देऊ केली, ती म्हणाली, "नो नो. ब्रेक." खुर्ची भिंतीला लावली, पिशवी घेतली आणि निघाली. अंजूची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. नलू फटक् फटक् करत उतारावरून जात होती, मोज्याची टाच फाटलेली, कार्डिगनचा एक खिसा लोंबत होता. मला वाटत होतं, तिने वळू नये. वळली तर काय तोंड करायचं ते मला ठरवता येईना. म्हणून गराजच्या दाराआड उभी राहिले, पदर तोंडावर, हलले नाही, श्वाससुद्धा रोखून धरला. दिसत नव्हते मी, ऐकूही जायला नको.

नलू गाडीपाशी पोचली. दार उघडलं. मागे न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"कुमुद, श्वास सोड आता. मी जातेय."